लक्ष्मणशेठचे सुटे जुज

नवी कादंबरी हातात पडली की माणूस तिचं पहिलं पान उघडतो. आमचे लक्ष्मणशेठ आधी तिचा पुठ्ठा उपटायचे. मग दाभणाने शिवण उसवून पुस्तकाच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या करायचे आणि प्रत्येक घडीला पोती शिवायच्या सुतळीचे दोन टाके घालायचे. छापखान्यात अशा घडीला फर्मा म्हणतात. शेठ निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, ते तिला जुज म्हणायचे. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला खाटकाच्या दुकानात उभा असल्यासारखं वाटलं.

मी तेव्हा पैनगंगेजवळच्या जैनथ गावच्या शाळेत मराठी शिकवायला नुकताच आलो होतो आणि शेठच्या किराणा दुकानामागच्या खोलीत राहत होतो.

"शेठ, अहो पुस्तक आहे ते!" मी कळवळून म्हणालो.

"मंग? पुस्तक एक अन् वाचनारे गावभर. एकाच्याच घरी महिनाभर पडून राह्यलं तं बाकीच्यायनं काय कराव?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. निजामाच्या अमलात मराठी कादंबरी गावात येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं होतं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, हैदराबाद भारतात आलं, आणि शेठ मालाला म्हणून यवतमाळला जायचे ते गुळाच्या भेलीसोबत एखादी कादंबरी घेऊनच परतायचे. ती दुकानात आली की दाभण निघालंच.

अडचण एवढीच की कोणाला कोणता जुज मिळेल याचा नेम नव्हता. जो मोकळा असेल तो न्यायचा. माझ्या वाट्याला नेहमी मधलाच यायचा. नायक-नायिकेची आणि माझी ओळखही झालेली नसायची आणि मी त्यांचं भांडण वाचत बसायचो. फार चिडचिड व्हायची. गावात एकच नायिका एका घरी शाळेत जात असे आणि दुसऱ्या घरी सासरी नांदत असे. विहिरीवर बाया एकमेकींना दटावायच्या, "पुढचं सांगू नको वं बाई, माह्या घरी तिचं लगन व्हाचंच हाय अजून!"

शेवटचा जुज मात्र शेठ कोणालाही देत नसत. सगळ्यांचं सगळं वाचून झालं की ते दुपारी दुकान बंद करायचे, मंडळी ओट्यावर जमायची आणि शेठ तो मोठ्याने वाचायचे. स्वतःही तेव्हाच पहिल्यांदा वाचायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब दिलेली, घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे चोरून वाचायला मुभाच मुभा. तसं मी सुचवलंही.

"एकट्यानं शेवट वाचून काय कराव, मास्तर?" शेठ म्हणाले. "हसू आलं तं कोनाकडे पाहाव?"

ते पाहायचे गणपतरावांकडे. गणपतराव माळी, वांगी-मिरचीची वाडी करायचे. ओळीखाली बोट धरून वाचायचे आणि वाचलेल्यावर शेठशी कडाकडा भांडायचे. एकदा शेठच्या हातून दोन कादंबऱ्यांचे जुज एकमेकांत मिसळले. गणपतराव तणतणत दुकानावर आले.

"काऊन बे लक्ष्मन, या वकिलाच्या घरी एकाएकी घोडेस्वार कुठून आले? अन् तलवारी कायले चालून राह्यल्या?"

शेठला चूक तेव्हाच उमगली असणार. पण हार मानतील तर ते शेठ कसले! "वकिलाचे दुश्मन काय कमी असतात? पुढच्या जुजात समजते तुले." गणपतरावांनी ते घोडेस्वार पटवून घेतले, आणि सगळ्या गावानेही.

मग भाषेप्रमाणे राज्यं झाली. पैनगंगेच्या पलीकडे मुंबई राज्य, अलीकडे आंध्र प्रदेश. कचेरीत तेलुगू आलं, शाळेत आलं. मीही पोरांच्या पाटीत डोकावून अक्षरं गिरवू लागलो. गणपतरावांच्या मुलांनी वाडी विकली आणि पलीकडे काकाच्या गावी जायचं ठरवलं. नातवंडं मराठीत शिकावीत एवढाच गणपतरावांचा हट्ट होता.

निरोप घ्यायला गणपतराव दुकानावर आले तेव्हा शेठ गूळ तोलत होते. "जा ना. तुले कोनं धरून ठेवलं?" एवढंच बोलले आणि तोलतच राहिले. गिऱ्हाईक नव्हतं.

त्या वेळी गावात एक कादंबरी फिरत होती; गणपतरावांचे तिचे शेवट सोडून सगळे जुज जायच्या आधीच वाचून झाले होते. यथावकाश सगळ्यांची वाचून झाली. मंडळी शेवट मागू लागली. शेठ म्हणायचे, "एक वाचनारा बाकी हाय." बाया रागावल्या, मी रागावलो. शेठ ढिम्म.

एका सुट्टीला ते माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, चालता काय पलीकडे? तूर पाह्याची हाय."

आम्ही डोंग्यातून नदी उतरलो. तुरीकडे शेठनी मान वळवूनही पाहिलं नाही. सरळ गणपतरावांच्या अंगणात गेले.

"आला काय बे?" गणपतराव खाटेवरून उठले.

"तुह्यासाठी नाई आलो. तुरीसाठी आलो," असं म्हणत शेठनी पिशवीतून शेवटचा जुज काढला.

वाचन सुरू झालं. दुसऱ्याच परिच्छेदाला भांडण जुंपलं. सुना दारात येऊन बसल्या, शेजारी आले. शेठचा आवाज चढला, गणपतरावांचा त्याहून चढला. मला जैनथचा ओटा आठवून गलबलून आलं. शेवटी नायक नायिकेच्या दाराशी पोचला, कडीला हात घातला, चारच पानं उरली, आणि शेठनी जुज मिटला.

"अरे, पुढं?" गणपतराव ओरडले.

"डोळे दुखून राह्यले. पुढच्या बाजाराले येतो."

शेठचे डोळे डाळीतला खडा लांबून हेरणारे! गणपतरावांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि उगीच खाट झटकली. "ये मंग. येशीन तं जेवूनच जाजो."

परतताना डोंग्यात माझा संयम सुटला. "शेठ, चार पानं होती हो! सगळं गाव खोळंबलंय. तेवढं वाचून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

शेठनी जुजाची पिशवी पाण्यापासून जपत मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाले, "वाचून टाकलं असतं, मास्तर. पन मंग मले तिकडं जाले काय काम राह्यलं असतं?"