दार कोण उघडणार?

माणूस घाबरतो कशाला, याचा मी शास्त्रीय अभ्यास केला आहे. हसू नका! भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेला माणूस उगाच बोलत नाही. माझं म्हणणं असं, की रक्त, कवट्या, किंकाळ्या हा सगळा फापटपसारा. खरी भीती कमीत कमी सामानात तयार होते. एक काळा पडदा, पांढऱ्या रेघांचं एक दार, खाली एक वाक्य आणि दारावर टकटक. बस्स!

या सिद्धांतावर मी कॉम्प्युटरचा एक खेळ बनवला. खेळ म्हणजे धावपळ नाही. गोष्ट वाचत जायची आणि मधूनमधून ठरवायचं, ‘दार उघडा’ की ‘उघडू नका’. सुरुवातीला खेळणाऱ्याने आपलं नाव टाइप करायचं. नकारागणिक टकटक वाढते, मग बाहेरची बाई त्याच नावाने हाक मारते आणि शेवटी... नको, सांगत नाही. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

ठाण्याच्या रुचिरा मॅडम मोबाईलसाठी खेळ बनवायच्या. त्यांना फोनवर मी छातीठोकपणे सांगितलं, “मॅडम, अख्खी भिवंडी किंचाळेल!”

“आधी लोकांना खेळायला द्या,” त्या म्हणाल्या. “शनिवारी मी येऊन बघते. खरंच घाबरत असतील तर नोकरी तुमची.”

नाहीतर काय, तेही ठरलेलं होतं. सोमवारपासून पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये, मामाच्या ओळखीने, खोकी मोजायची. सुचेताबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, डबाही आणून ठेवला होता. तीन कप्प्यांचा! माझ्यावर तिचा विश्वास किती, ते त्या कप्प्यांवरून कळावं.

भिवंडीत टेमघरला आमच्या घरासमोर केसरीनाथदादांचा सायबर कॅफे. शेतजमीन गोडाऊनला गेली, तेव्हा त्यांनी हौसेने काढलेला. मी तिथल्या एका कॉम्प्युटरवर खेळ टाकला आणि मागे उभा राहिलो, उंदीर पिंजऱ्यात सोडलेल्या संशोधकासारखा.

पहिला आला मितेश. कॉलेजचा पोरगा. टकटक झाली आणि पठ्ठ्याने थेट ‘दार उघडा’ दाबलं!

“अरे, उघडलंस कशाला?”

“कुरिअरवाला असेल ना.”

आता गोची अशी, की शहाणा माणूस दार उघडेल हे माझ्या सिद्धांतातच नव्हतं. त्यामुळे तिकडे मी कंटाळून दोनच वाक्यं लिहिली होती. ‘दारात पांढऱ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. ती म्हणते, मला भूक लागली आहे.’ समाप्त. सगळी भीती न उघडणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली!

दुसरे पंढरीकाका. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात मुकादम. त्यांनी हेडफोन लावले, काळ्या पडद्यावर शांतता पसरली आणि काका ताडकन उठले. चेहरा पांढराफटक! मी मनातल्या मनात उडी मारली. घाबरले!

“काय झालं काका?”

“आवाज बंद पडला! कारखान्याची लाईट गेली वाटतं!” म्हणत काका हेडफोनसकट धावत सुटले. वायर पुरली नाही म्हणून हेडफोन तरी वाचले.

मग आल्या धोंडूआजी, केसरीनाथदादांच्या आई. टकटक ऐकून मला म्हणाल्या, “कवापासून बायेर उभी हाय ती. उघड ना दार!”

“आजी, विचार करा. कोण आहे माहीत नाही...”

“माहीत न्हाय म्हून तर उघडाचं! दाब तो बटान.”

दाबलं. भूक लागल्याचं वाक्य वाचून दाखवलं. आजींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग? जेवाय वाढाचं बटान कुठं हाय?”

“आजी, ते भूत आहे!”

“भूत झाली म्हून भूक लागत न्हाय का?”

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. सुचेताबाईंच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये एक बाई उपाशी ठेवली आहे! बायका रांगेने येऊन, दार उघडून, मला बोलून जाऊ लागल्या. हौसाकाकू तर चक्क वाटीत वरण घेऊन आल्या आणि पडद्याजवळ ठेवून गेल्या. आईला शेजारणींनी विचारलं, “घरी पण हा असाच वागतो का हो?”

“आमच्या आईचं ऐक बाबा,” केसरीनाथदादा हात जोडून म्हणाले. “बटण टाक. मला घरात दोन घास सुखाने खायचे आहेत.”

टाकलं! मग ‘काय वाढू?’ आलं. पांढऱ्या रेघांची तांदळाची भाकरी आली, सुकट आली, वर कांदा आला. शुक्रवारी माझं भूत पोटभर जेवून ढेकर देत होतं. भिवंडीत एकही माणूस घाबरला नव्हता आणि मॅडम शनिवारी दुपारीच येते म्हणाल्या होत्या.

शनिवारी आई तिच्या शाळेत शिकवायला गेलेली. मी घरी बसून जुना, भाकरीविरहित खेळ शेवटचा तपासायला घेतला. खिडक्या बंद, हेडफोन कानात, स्वतःचंच नाव टाकलं, ‘सुयश’. मी अर्थातच दार उघडलं नाही. एकदा, दोनदा. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सुयश, आत आहेस ना? मी तुलाच भेटायला...’

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती! पडदा खरोखरच काळा. आसपासचे सगळे लूम एका झटक्यात थांबले. जन्मापासून जो खडखडाट ऐकत आलो, तोच नाही! अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

लाईट नसताना बेल वाजत नाही, मग आलेला माणूस टकटकच करणार, हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलं असतं तर सर्किट काढून दाखवलं असतं. पण त्या क्षणी बी.एस्सी. मला सोडून गेली होती.

पुन्हा टकटक. आणि बाईचा आवाज!

“सुयश, आत आहात ना? मी तुम्हालाच भेटायला आलेय!”

मी कॉटखाली गेलो. कसा गेलो ते आठवत नाही.

“मी उघडणार नाही!” मी किंचाळलो. “जा इथून! हायड्रोजन! हेलियम! लिथियम! बेरिलियम!”

मग समोरून धोंडूआजींचा आवाज आला, “कोन हाय गो बाय? उन्हात उभी कशाला? ये आत. जेवलीस का?”

लाईट आली, लूम सुरू झाले, तेव्हा माझी बी.एस्सी. परत आली. तिच्यासोबत खरी, थंडगार भीतीही आली. मी धावत समोर गेलो. पांढऱ्या ड्रेसमधल्या रुचिरा मॅडम पाटावर बसून भाकरी-सुकट खात होत्या.

“या,” त्या म्हणाल्या. “बेरिलियमनंतर काय येतं?”

“बोरॉन,” मी पुटपुटलो.

“हाच तो!” आजी कौतुकाने म्हणाल्या. “यानंच बनवला खेल. पन बटान मी टाकाला लावला.”

“केसरीनाथजींनी सगळं सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या खेळाला अख्ख्या गावात घाबरणारा एकच माणूस सापडला म्हणायचा.”

मी मान खाली घातली. तीन कप्पे डोळ्यांसमोर आले.

“तो भयाचा खेळ मला नको,” मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला. “पण जेवणाचा हवा. भुकेलं भूत आणि वाढणाऱ्या आजी! जेवणाचा खेळ कुणी अर्धा टाकून उठलं नाही, उलट रांग लागली. सोमवारी ठाण्याला या.”

“म्हणजे नोकरी मला?”

“नोकरी तुम्हाला. सल्लागार आजी. त्या सांगतील तसं काढायचं.”

आजींनी पदराने हात पुसले आणि सल्लागारपदाची सूत्रं तिथल्या तिथे हाती घेतली. “पयला ती सुकट नीट काढ. तुजी ती खिल्यांवानी दिसते.”

तर आता मी ठाण्याला नोकरीला आहे. डबा तोच, तीन कप्प्यांचा. हुद्दा मोठा इंग्रजी आहे, काम सुकट काढण्याचं. सिद्धांत मात्र खरा ठरला, हे नोंदवून ठेवतो: खरी भीती कमीत कमी सामानात तयार होते.

आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी लाईट गेली, की मी घराचं दार सताड उघडं टाकतो.

वारा येतो म्हणून हो!