आवाज अडतीस

आमच्या राजाजीनगरच्या इमारतीत कानांत कापूस घालून गाडीचा स्टिरिओ दणदणीत लावणारा एकच माणूस आहे, नारायणअण्णा. आवाजाचा आकडा चाळीसपर्यंत जातो. अण्णांचा अडतीसवर असतो. गाडी फाटकाबाहेर वळली की माझ्या खिडकीच्या काचा अभंगाचा ठेका धरतात. कापसाचं विचारलं तर म्हणतात, "धूळ हो. बेंगळूरची धूळ स्वल्प बाधते मला."

मी त्यांच्या खालच्या घरात राहतो, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

'स्वल्प' म्हणजे कन्नडात थोडंसं. अण्णांच्या तोंडी त्याला मर्यादा नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा 'स्वल्प दुखतं', आणि पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा 'स्वल्प ओल आहे'.

घराणं कापडवाल्यांचं, पिढ्यानपिढ्या इथलंच. दुकान पुतण्याकडे सोपवताना अण्णांनी शिवणयंत्र तेवढं घरी आणलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुठलीही वस्तू उघडी राहू शकत नाही. मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, गॅस सिलिंडरला फुलाफुलांची खोळ. माझ्या स्कूटरच्या आरशांनाही त्यांनी टोपडी शिवली. ती काढायला विसरून मी एकदा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यापर्यंत, म्हणजे माझ्या ऑफिसपर्यंत, मागचं काहीही न बघता गेलो.

गेल्या महिन्यात स्टिरिओ अर्ध्या गाण्यात बंद पडू लागला. थोडा वेळ गप्प बसायचा, मग आपोआप सुरू व्हायचा. दोन दुकानांत 'नवा घ्या' म्हणाले. मग अण्णा माझ्याकडे आले. मी हिशेबखात्यात आहे म्हणून ते मला लेक्कासाहेब म्हणतात. लेक्का म्हणजे हिशेब.

"लेक्कासाहेब, जरा बघा. रविवारी हिच्या बहिणीकडे देवनहळ्ळीला जायचंय. वाटेत बंद पडून चालायचं नाही."

"बंद पडला तर गप्पा मारत जा की."

"तेच नको," अण्णा म्हणाले.

मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. पण ताळा जुळत नसला की एका वेळी एकच नोंद तपासायची, एवढं कळतं. सीटखाली हात घातला तर आवाज वाढवणारा डबा, म्हणजे अॅम्प्लिफायर, जाड अस्तराच्या खोळीत बसलेला. कडेला लाल गोट. खोळ काढून बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"स्वल्प तापलाय," अण्णा म्हणाले.

"तापेल नाही तर काय? याला गोधडी घातलीत तुम्ही!"

"धूळ बसते ना!"

खोळीविना डबा आधीपेक्षा जास्त टिकला, पण शेवटी बंद पडलाच. म्हणून मी पडद्यावरचे आकडे पाहिले. आवाज अडतीस. आणि सगळा आवाज डावीकडे वळवलेला. उजवे स्पीकर मुके. मी तो मध्यावर आणला, आवाज वीसवर उतरवला. अण्णांनी दोन्ही पुन्हा होते तिथे नेले.

"अहो, सगळा भार एकाच बाजूवर पडतोय. उजवे स्पीकर काय शोभेला आहेत?"

"डावीकडेच राहू द्या."

"पण का?"

"ती डावीकडे बसते."

त्यांनी ती खोळ मांडीवर घेऊन घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "भजनी मंडळात जायचं सोडलंय तिनं. म्हणते, हल्ली बायका नुसत्या पुटपुटतात. गाडीत मात्र गाते. पूर्वीसारखी गाते. कानाच्या डॉक्टरचं नाव काढायचा धीर होत नाही मला. तिला कळू देऊ नका, लेक्कासाहेब."

अण्णांच्या बायको, सुशीलाअक्का, मोठ्यानं बोलतात तो त्यांचा स्वभाव, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मी अण्णांच्या कानांतल्या कापसाकडे पाहिलं, आणि अडतीसला पुन्हा हात लावला नाही.

मग डबा सीटखालून काढून डिकीत मोकळ्यावर बसवून घेतला. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा त्याच्या शेजारी लावला. पण उघडा डबा अण्णांना बघवेना. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मच्छरदाणीच्या कापडाची खोळ आली. लाल गोटासकट. वारा आरपार जात होता, तेव्हा मी मंजुरी दिली.

रविवारी तपासनीस म्हणून मला मागच्या सीटवर घेतलं. अक्का गुडघ्यावर ताल धरून गात होत्या. पक्क्या सुरात, अगदी मोकळ्या गळ्यानं. देवनहळ्ळीचा किल्ला दिसेपर्यंत स्टिरिओ एकदाही थांबला नाही. अण्णांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. कारखान्याचा ताळेबंद इतकी वर्षं जुळवतोय, पण त्यासाठी असं कुणी माझ्याकडे पाहिलेलं नाही. माझे कान तेवढे स्वल्प वाजत होते.

बहिणीच्या दारात गाडी थांबली. अण्णा डिकीतून फणस काढायला उतरले. अक्का मागे वळल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या कानाशी कुजबुजल्या, "तू घरचा म्हणून सांगते रे. ह्यांचे कान गेलेत. म्हणून एवढ्या मोठ्यानं लावतात, मी आपली सोसते. कुणाला बोलू नकोस हं, मनाला लागेल त्यांच्या."

अण्णा डिकीपाशीच उभे होते. कापूस केव्हाच काढून मुठीत धरलेला. त्यांनी दुसरा हात कानामागे नेला आणि ओरडले, "आँ? काय म्हणालीस?"

अक्कांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "बघितलंस?"