एक हजार चोवीसवाले काका

नेदरलँड्समधल्या आल्मेरेत मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते, ते गायकवाडकाका घरात आलेल्या प्रत्येक डिस्कवरचा आकडा मार्करने खोडतात आणि खाली ‘खरा’ आकडा लिहितात. एक टीबी खोडून ९३१ जीबी.

कारण असं, की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि काकांचा कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला वाटलं, हे बाकी सगळ्यांना ठाऊकच असणार, म्हणून मी नुसती मान हलवली. काकांना वाटलं, हिला आवड आहे. तेव्हापासून रोज शिकवणी. कोणी जीबी म्हटलं की काका विचारणार, "कुठला? हजारवाला की चोवीसवाला?" भीमजयंतीचे फोटो कुठे ठेवायचे एवढंच इथल्या मंडळाच्या बैठकीत ठरायचं होतं, काकांनी अर्धा तास घेतला. त्यांची मुलगी सई अशा वेळी डचमध्ये काहीतरी पुटपुटते आणि निघून जाते.

गेल्या महिन्यात सई शिकायला ग्रोनिंगनला निघाली. तिचे लहानपणापासूनचे व्हिडिओ डिस्कवर भरून द्यायचे, असं काकांनी ठरवलं. कॉम्प्युटरवर मोजले, ९५० जीबी भरले. लगेच एक टीबीची डिस्क आणली, तीही दुकानातच भेटीच्या कागदात बांधून. त्यामुळे आकडा खोडायचा राहिला.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी कागद न फाडता सोडवला आणि डिस्क लावली. एकोणीस जीबी मावेनात. गाडी दुपारची, डिस्क भरायलाच चार तास लागणार होते, नवी आणायला वेळ नव्हता. काका माझ्याकडे बघेनात.

जरा वेळाने मी भीत भीत सुचवलं, अंधारातले व्हिडिओ वगळू या, त्यांत काहीच दिसत नाही.

"ते नको," काका म्हणाले. "त्यांत ती मराठी बोलते." मग म्हणाले, "मी दिसतो ते काढ. माझं काय बघायचंय तिला?"

ते सईचा डबा भरायला गेले आणि मी शोधायला बसले. अठरा वर्षांत काका फक्त तीन व्हिडिओंत सापडले, तेही काकूंनी काढलेल्या. एकात ते सईच्या सायकलमागे धापा टाकत पळताहेत. बाकी सगळीकडे कॅमेरा त्यांच्याच हातात.

ते तीन मी सगळ्यांत आधी डिस्कवर टाकले. मग स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "काका, ट्यूलिपच्या बागांचे व्हिडिओ वगळले तर चालेल का?"