साटमकाकांचा रुमाल

ड्रेस्डेनच्या ट्राममध्ये आधी साटमकाकांचा रुमाल चढतो, मग साटमकाका. दार उघडलं की रुमाल बरोब्बर समोरच्या सीटवर जाऊन पडतो. कणकवलीच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांचा नेम जर्मनीत इतकी वर्षं काढूनही बिघडलेला नाही. फक्त इथे त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कुणीतरी आजीबाई तो उचलतात, तुमचं काहीतरी पडलं म्हणून अदबीने परत देतात आणि त्या जागेवर स्वतः बसतात.

काका इथल्या एका संशोधन संस्थेत नागाच्या विषावर काम करतात. हे ऐकलं की पोरं त्यांच्याभोवती जमतात आणि तितक्याच लवकर पांगतात, कारण काकांनी जिवंत नाग आयुष्यात हातात धरलेला नाही. विष त्यांच्याकडे पांढऱ्या पावडरीच्या रूपात, इवल्याशा बाटलीतून येतं. गवतात पाण्याचा पाइप पडलेला दिसला तरी ते लांबून वळसा घालतात. पण विषाबद्दल नुसतं विचारा, रुमाल खिशातून निघालाच.

"हे बघ," एखादी खुर्ची पुढे ओढून ते सुरू करतात, "हा समज स्नायू, आणि ही त्याच्यावरची जागा. मज्जातंतूकडून निरोप येतो, इथे बसतो, मग स्नायू हलतो. नागाचं विष काय करतं? रुमाल टाकतं. स्नायूला काही करत नाही, मज्जातंतूलाही नाही. निरोप येतो, बघतो तर जागा धरलेली. निरोप निघाला, पण पोचला नाही."

मग आधी पापण्या मिटतात, पुढे जीभ जड होते आणि शेवटी श्वास अडकतो. "माणूस शुद्धीवर असतो गं. सगळं ऐकतो, त्याला सगळं कळतं. फक्त ओ देता येत नाही." इथे काकांचा आवाज जरा खाली येतो. उपाय विचारला तर म्हणतात, औषध द्यायचं, आणि रुमाल सुटेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवायचा. धीर धरला तर जागा मोकळी होते, गेनाऊ, म्हणजे अगदी नक्की.

त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना हा सिद्धांत एका फटक्यात समजला म्हणे. सुट्टीत हॉटेलच्या तलावाकाठी सकाळी सकाळी टॉवेल टाकून आरामखुर्च्या अडवणारी माणसं ती. त्यांना काय वेगळं शिकवायचं?

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे काकांशी भांडायचं कामही माझ्याकडेच. दर कार्यक्रमाला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल असतो आणि तिथे ते कुणाला बसू देत नाहीत. निखिल येतोय, म्हणतात. निखिल त्यांचा मुलगा, बर्लिनला एका स्टार्ट-अपमध्ये असतो. मी त्याला आमच्या हॉलमध्ये कधी पाहिलेला नाही.

त्या घरातलं मला हळूहळू कळत गेलं. काका मराठीत बोलायचे, निखिल जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. दोघांना एकमेकांचं सगळं समजायचं, तरी मनातलं काही असलं की ते काकूंच्या मार्फतच इकडून तिकडे जायचं. काकू गेल्या आणि बापलेकांतलं बोलणंच खुंटलं. आता काका दर रविवारी फोन करतात. जेवलास का? जा. थंडी आहे का तिकडे? जा. जर्मन 'जा' म्हणजे हो, हे काकांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण मराठी कानाला ते कसं लागत असेल, तुम्हीच सांगा. याला काय बोलणं म्हणायचं, असं मी एकदा न राहवून विचारलं.

"श्वास चालू ठेवलाय," काका म्हणाले.

यंदा गणपतीला येतोस का, या प्रश्नावर मात्र निखिल नेहमीचं 'जा' न म्हणता 'फिलाइश्त' म्हणाला. फिलाइश्त म्हणजे कदाचित. मोदक वळायला जमलेल्या प्रत्येकीला काकांनी हे सांगितलं. कार्यक्रमाच्या दिवशी रुमाल इस्त्रीचा होता.

हॉल गच्च भरला. काकांच्या शेजारी राहणाऱ्या फ्राऊ बेकर काठी टेकत जरा उशिराच आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. माझं डोकं फिरलं. मी तरातरा जाऊन काकांना म्हटलं, आता रुमाल उचला, म्हातारी बाई ताटकळत उभी आहे. काका लगेच उठले. मला वाटलं, चला, जिंकले. तर त्यांनी फ्राऊ बेकरना स्वतःची खुर्ची दिली आणि आपण रुमालाच्या खुर्चीमागे, तिची पाठ धरून उभे राहिले. गुडघे दुखतात त्यांचे. आरती झाली, मुलांचं नाटुकलं झालं, काकांची नजर दारावर. मला इतकं भरून आलं की मी चहाच्या टेबलामागे जाऊन उगाच कप मोजत बसले.

कार्यक्रम संपला, माणसं गेली. रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचत मी काकांपाशी आले, तर ते अजून तिथेच.

"बर्लिनच्या गाड्या हल्ली फार लेट असतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, आता तरी बसा. फ्राऊ बेकरनी सोडलेल्या खुर्चीवर ते बसले. शेजारची तशीच. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रुमाल उचलला आणि त्यानेच खुर्ची पुसली.

"बस. सकाळपासून उभी आहेस."

मी बसले.

"पण तो आला की ऊठ हं, बाळा."

उठेन म्हटलं, आणि मीही दाराकडे बघत राहिले.