अनंतराव निर्णय

माणसाचा सत्कार योग्य वेळी व्हावा, असा समाजाचा दंडक आहे. योग्य वेळ म्हणजे त्याचा उपयोग संपल्यानंतरची आणि त्याला उचलून व्यासपीठावर न्यावे लागण्यापूर्वीची. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले अनंतराव पिंपळापुरे गेल्या मार्चमध्ये या निकषात तंतोतंत बसले.

दिवसा रेल्वेच्या कचेरीत नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ हौशी कुस्तीची सेवा, असा त्यांचा अडतीस वर्षांचा क्रम. उरल्याच्या कारखान्यांत पाळी करून थेट तालमीत येणाऱ्या पोरांसकट सहाशे मल्ल त्यांनी घडवले (पैकी कुस्ती न सोडलेले नऊ). पंच म्हणून चार हजारांवर विजेत्यांचे हात वर केले. स्वतः ते आयुष्यात एकच कुस्ती जिंकले होते, कारण प्रतिस्पर्ध्याला आदल्या दिवशी कांजिण्या आल्या. ही हकीकत ते स्वतःच सांगत आणि आधी स्वतःच हसत, म्हणजे इतरांना ती संधी उरत नसे.

एका बाबतीत मात्र ते हसत नसत. बाहेरचे पायताण घालून कुस्तीच्या गादीवर पाय ठेवायचा नाही. मल्लांचे गाल त्याच गादीवर घासले जातात, एवढे साधे कारण. या नियमाखाली त्यांनी एक ठाणेदार, दोन नगरसेवक आणि प्रत्यक्ष सासरे (लग्नानंतर चौथ्या दिवशी) यांना शिट्टी मारून खाली उतरवले होते. चेतना नावाची अकरा वर्षांची पोट्टी चपला घालून चढली, तेव्हा तिला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तीच चेतना आता राज्य स्पर्धेत पंच होती.

सत्कार याच स्पर्धेत, अंतिम लढतींच्या आधी ठरला. गादीवर उजेड चांगला पडतो, असे फोटोग्राफरचे मत पडले. सबब सत्कारही गादीवरच. प्रमुख पाहुण्यांसह अकरा मान्यवर वर चढले. एकूण बूट बावीस, त्यांत दोन खुद्द अनंतरावांचे. संघटनेचे सचिव यशदीपभैया यांनी दंडाला धरून वर घेतले, तेव्हा 'नाही' म्हणायला हवे होते, हे त्यांना कळत होते. पण शाल दिसत होती.

शाल खांद्यापर्यंत पोचणार, तोच शिट्टी वाजली. चेतना गादीच्या कडेला उभी होती.

"सर, जूते," ती म्हणाली.

"क्या हो गया?" पाहुण्यांनी विचारले.

"काका, आप ही बोलो," यशदीपभैया म्हणाले. "नियम तो आप ही का है."

शिट्टी बरोबर होती, याबद्दल अनंतरावांना तिळमात्र शंका नव्हती. पण ते मान्य करायचे तर मान्यवरांना वाकून नाड्या सोडाव्या लागणार. पाहुण्यांना पुढे पंडरीत एका शोरूमचे उद्घाटन होते. ते तसेच निघून गेले असते. आणि पुढच्या सत्कारासाठी आणखी अडतीस वर्षे थांबणे वयोमानानुसार शक्य नव्हते.

"कुश्ती चल रही हो, तभी ये मैट है," अनंतराव म्हणाले. "अभी सत्कार चल रहा है. अभी ये दरी है."

गादीची अशी सतरंजी झाली आणि टाळ्या पडल्या.

"हव, काका," चेतना म्हणाली.

फोटो झाले, बूट उतरले. चेतनाने बादली आणली, गुडघे टेकले आणि पंचाच्या गणवेशातच सगळी गादी पुसून काढली. पहिल्या रांगेतल्या अनंतरावांना फार लाज वाटली. उठावे आणि दुसरे फडके हातात घ्यावे, असे त्यांना मनापासून वाटले. ते उठले नाहीत (शाल घसरत होती).

घरी मंदाकिनीबाईंनी विचारले, "तुम्ही काहून बोलले नाही तिच्या बाजूनं?"

"मले शाल पाहिजे होती," अनंतराव म्हणाले.

"मंग पांघरा," असे म्हणून बाईंनी पंखा बंद केला.

संघटनेने अनंतरावांच्या त्या दरीच्या वाक्याचे परिपत्रक काढले. 'अनंतराव निर्णय' या नावाने ते आज लागू आहे. त्याअन्वये भाषण, वाढदिवस, पत्रकार परिषद आणि (जूनपासून) सचिवांच्या साडूचे रिसेप्शन चालू असताना गादी ही दरी समजली जाते. मल्लांच्या गालांवर पुरळ आले. त्यांना मलम वाटण्याचा कार्यक्रमही गादीवरच, बुटांसह पार पडला. चेतनाला तिच्या दक्षतेबद्दल अभिनंदनाचे पत्र आणि पंचांच्या यादीतून दीर्घ विश्रांती देण्यात आली. निर्णय मागे घ्यावा म्हणून अनंतरावांनी तीन अर्ज केले. ज्येष्ठांच्या नावाचा अवमान संघटना खपवून घेणार नाही, असे उत्तर आले.

हे वाचून ज्यांना अनंतरावांचा राग आला असेल, त्यांनी आपला निषेध संघटनेकडे लेखी पाठवावा. सोबत आपण स्वतः कोणत्या मोठ्या माणसासमोर शेवटची शिट्टी वाजवली, त्याचे नाव आणि तारीख जोडावी. आजवर चारशे बारा निषेध आले आहेत. ते सर्व अपूर्ण असल्यामुळे परत पाठवण्यात आले आहेत.