गुरुवारची बोली

शाळेच्या छपरासाठी गुरुवार लिलावात काढायचा, असं मंगळवारच्या सभेत एकमताने ठरलं.

पत्रे वाऱ्याने उडाले होते, पोरं भिंतीच्या सावलीत बसत होती, आणि शाळेपाशी विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. गावात दिवस शाळेच्या घंटेनं सुरू होतो, म्हणून दिवसांची मालकी शाळेची, हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. प्रश्न एवढाच होता की कुठला वार काढायचा.

"रविवार काढला तर पोरं रडतील," हेडबाई म्हणाल्या. "सोमवार महादेवाचा. शनिवार अर्धाच असतो."

"अर्ध्या मालाला अर्धीच बोली," रेवणशेट म्हणाले. ते गुळाचे अडते, लिलाव पुकारण्यात पंचक्रोशीत त्यांच्यासारखा माणूस नाही, म्हणून त्यांना सभेला बोलावलं होतं. मागे त्यांनी ओढ्याकाठची चिंच सावलीसकट विकली होती. झाड अजून ओढ्याकाठी आहे, सावली मात्र घेणाऱ्याच्या अंगणात पडते. असा चोख व्यवहार.

"मग गुरुवारच," बाई म्हणाल्या.

शेटांनी पानाचा डबा बंद केला. "बुधवार घ्या की. बुधवारचं कुणाला काय पडलंय?"

"तेच तर. कुणाला काही पडलेलं नाही, तर घेणार कोण? तुम्हीच सांगा, बुधवारला गिऱ्हाईक आहे?"

धंद्यात खोटं बोलायची शेटांना सवय नव्हती. "नाही," ते म्हणाले.

गुरुवार बाजाराचा वार. शेटांचं आणि थोरले बंधू शिवलिंगअण्णांचं दुकान भिंतीला भिंत लागून, आणि दोघांत अबोला. वाटणीच्या वेळी कशावरून तरी झालेला. कशावरून ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं. वडिलांनी जाताना एवढंच घालून दिलं होतं की बाजारादिवशी तरी बोलायचं, नाहीतर गिऱ्हाईक हसतं. बाकीचे वार एक शब्द नाही, निरोपसुद्धा नाही. गुरुवारी मात्र अण्णा भिंतीपलीकडून विचारायचे, "रेवण, गुडघा कसाय?" आणि दिवसभर दोघं एकमेकांची अक्कल काढत बसायचे. त्या एका वारावर शेटांचा आठवडा निघायचा.

लिलाव बुधवारी ठेवला, कारण माल चालू असताना त्याची बोली लावता येत नाही. बोली जुन्या पद्धतीनं, रुमालाखाली बोटं दाबून. लिलाव पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नसते, हा नियमही जुनाच.

पलीकडच्या तालुक्यातले मंगल कार्यालयवाले ढोबळे आले होते. आठवड्यात दोन गुरुवार झाले की मुहूर्त वाढतात, असा त्यांचा हिशेब. त्यांनी शेटांची दोन बोटं दाबली. दुसरं कुणी पुढं येईना.

तेवढ्यात रुमालाखाली एक हात आला. करंगळी वाकडी. लहानपणी ती दाराच्या फटीत सापडली होती, दार शेटांनीच लोटलं होतं. अण्णा समोर उभे होते आणि दुसरीकडं बघत होते. बुधवार होता. त्यांनी तीन बोटं दाबली. ढोबळ्यांनी चार. मग अण्णांनी शेटांचा अख्खा पंजाच मुठीत धरला. एवढ्या बोलीपायी त्यांचं दुकान गेलं असतं, माल धरून. शेटांना ते कळत होतं, आणि हात सोडवून घ्यावासा वाटत नव्हता.

ढोबळे मागं सरले.

"एक वार," शेट पुकारले. "दोन वार."

"एकच वार विकायचाय ना शेट? दोन कुठून काढले?" मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले.

"तीन वार," शेट म्हणाले. गुरुवार अण्णांचा झाला.

शेटांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुवार गावातच राहिला होता, घरातच म्हणा ना. ते बाईंना म्हणाले, "आता काळजी नाही."

बाई टाचण लिहीत होत्या. "शेट, गुरुवार आता त्यांचा खासगी. त्यांच्या उंबऱ्याच्या आत. तिथं जायला मालकानं बोलवावं लागतं."

"बोलावतील की."

"कुठल्या वारी?"

शेट रुमाल झटकून घरी गेले.

शाळेवर पत्रे आले. बाजार शुक्रवारी भरू लागला. अण्णांचं दुकान ढेपांसकट दुसऱ्याचं झालं, मागची खोली तेवढी राहिली. बुधवारी रात्री शेट अंथरुणाला पाठ टेकत आणि उठत ते शुक्रवारी. मधल्या दिवसाचा भिंतीपलीकडून आवाज येत नसे.

पहिल्या शुक्रवारी अण्णांच्या पायरीवर चहाचे दोन कप दिसले. एक रिकामा, एक भरलेला, साय धरलेला. शेटांनी तो उभ्यानंच प्यायला, विसळून पालथा घातला आणि दुकान उघडलं.

पुढच्या शुक्रवारी भरलेल्या कपावर बशी झाकलेली होती.