धोंडूकाकांची सिडनी

आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात शेजारी राहणारे धोंडूकाका दर रविवारी सकाळी सूट-टाय घालून अंगणात यायचे आणि बराच वेळ आकाशाकडे बघत उभे राहायचे. व्हाकोआत पावसाची भुरभुर बारमाही, त्यामुळे हातात छत्री असायची. छत्री उघडून आकाश बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

हा सराव होता. वर्षाखेरीला सिडनीच्या बंदरावर आतषबाजी होते, ती बघायला त्यांना जायचं होतं. तिला ते बेटावरच्या फ्रेंच बोलीत 'फे दार्तिफिस' म्हणत.

"आलोर, नीट आयका," ते मला बजावत. "फे दार्तिफिस बसून बगत नाय. हुबा राहून बगतात. मान दुकली, त काय घरी येवाचं?"

पाणीखात्यातली कारकुनी संपवून ते घरी बसले होते. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गणेश चतुर्थी आटोपली की त्यांच्या ओसरीवर सिडनी कमिटी भरायची. कमिटीत मी, माझी बायको शांता आणि अध्यक्षस्थानी स्वतः काका. आम्ही दोघं सिडनीला जाणार नव्हतो, पण कमिटीत होतो. विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी, भूक लागली तर डालपुरी खिशात बसेल की नाही, यावर ठराव होत. शांता एकदा म्हणाली, "काका, डिसेंबरात तिथंही आपल्या बेटासारखाच उन्हाळा. सूट कशाला?"

"मोठ्या शहरात सुटाशिवाय जात नाय," काका म्हणाले. ठराव पास झाला.

आणि दरवर्षी डिसेंबर उजाडला की बेत मोडायचा. एका वर्षी चक्रीवादळाची भीती. एका वर्षी कोंबडी अंड्यांवर बसलेली. एका वर्षी तर महाशिवरात्र जवळ आली म्हणून. शिवरात्रीला अजून दोन महिने होते. आम्ही हळहळलो की काकाच आमची समजूत घालत, "पा त्राकासे! काळजी नको. सिडनी कुटं पळते? पुढल्या साली जावाचं."

सिडनीत त्यांची एकुलती एक लेक राहत होती, हे ठाऊक असूनही कमिटीत कुणी बोलत नसे. कमल नर्स व्हायला तिकडे गेली आणि तिथेच तिनं जाँशी लग्न केलं. जाँ आपल्या शेजारच्या फिनिक्स गावचाच, पण ख्रिस्ती. बातमी आली तेव्हा काका देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मला मुलगी नाय." तेव्हापासून आम्हीही तिचं नाव घेत नव्हतो.

शिवरात्रीचं कारण ऐकलं त्या संध्याकाळी मात्र शांताचा धीर सुटला. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "काका, पुरे झाली आतषबाजी. कमलला बघायला जायचंय ना तुम्हाला? मग जा की!"

काका उठले. आत गेले आणि दार लावून घेतलं. कमिटी बुडाली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"शांता, ती मला घरात घेईल?"

"घेईल, काका."

"आन् तो?"

"ते त्यांना विचारा. फोन आहे आपल्याकडे."

फोन लागला. काका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडले, "कमल? मी." मग पाऊस सांगितला. कोबीला कीड लागल्याचं सांगितलं. कोंबड्यांची खुशाली सांगितली. शांता मागून त्यांच्या सदऱ्याची बाही ओढत होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले. "मला फे दार्तिफिस बगायचा हाय. तुज्या घरून दिसतो काय?"

पलीकडून काय उत्तर आलं, आम्हाला कळलं नाही. नुसतं रडणं ऐकू येत होतं. काका मात्र मान हलवत म्हणत होते, "बोन, बोन. येतो. रडू नको, लाईन कटेल."

ते गेले आणि जानेवारी संपता संपता परत आले. कमिटी त्याच संध्याकाळी ओसरीवर हजर.

"कशी होती आतषबाजी?" मी विचारलं.

"नाय बगली."

"नाही बघितली?" शांता म्हणाली.

"सगला तयार होता," काका म्हणाले. "मी सूट घालून बसलो. आन् नातीला ताप चडला. दीड वर्साची पोर. कमल म्हणते, बाबा, तुमी जाँबरोबर जा, मी राहते. मी त्याच्याकडं बगितलं. आठ दिवस त्याच्या घरचं खाल्लं होतं, पन बोललो नव्हतो. त्याला सांगितलं, बेटा, तू हिला घेऊन जा. पोरीजवल मी हाय."

"मग?"

"पोर मांडीवर झोपली. खिडकी माज्या पाठीमागं. हललो त ती उटेल. समोरची भिंत लाल झाली, मग हिरवी, मग परत काली. एवडंच बगितलं. तुमची काकी कमलला म्हनायची ते गानं म्हनलं. अर्दंच आटवलं, तेच फिरवून फिरवून म्हनलं."

शांतानं पदर डोळ्यांना लावला. मी उगाच विचारलं, "आणि जावई? ते काही बोलले?"

काकांनी रस्त्याकडे बघितलं. फिनिक्सकडे जाणारी बस समोरून गेली.

"खुर्चीतच माजा डोला लागला. सकाळी जागा झालो, त अंगावर चादर. पायांत बूट नाय. कमलला विचारलं, तू काडलेस? ती म्हणते, मी नाय, जाँनं. खाली बसून, हलूहलू, तुमी उटू नये म्हनून." त्यांचा आवाज खाली आला. "त्या पोरानं माज्या पायाला हात लावला, शांता. आन् मी झोपलेला."